कुटुंब क्रमांक सात

माझ्या सासूबाई गप्प बसण्यावर बोलून बोलून मोठ्या झाल्या. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही. म्हणजे थोडं कुचेष्टेनेच म्हणते आहे, पण ते खरंही आहे. संवादशास्त्राच्या प्राध्यापिका म्हणून त्यांनी छत्तीस वर्षं काढली आणि एवढ्या वर्षांत एकच गोष्ट मोजली: एक माणूस बोलायचा थांबला की दुसरा सुरू करेपर्यंत किती वेळ जातो. पहिला प्रबंध शिक्षकांवर. शिक्षक प्रश्न विचारतात आणि पुरता सेकंदभरही न थांबता स्वतःच उत्तर देऊन टाकतात, हे त्यांनी चाळीस वर्गांत टेपरेकॉर्डर ठेवून सिद्ध केलं. मग डॉक्टर आणि पेशंट. मग नोकरीच्या मुलाखती. लोक गप्प बसत गेले आणि ह्या वर चढत गेल्या: व्याख्याता, प्रपाठक, प्राध्यापक, विभागप्रमुख. विद्यार्थी त्यांना विराम मॅडम म्हणायचे. मीही म्हणायचे, शेवटच्या बाकावरून. पुढे त्यांच्याच मुलाशी लग्न केलं आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

'मॅडम'चं 'आई' करायला मला सहा महिने लागले. अजूनही भांडणात तोंडातून मॅडमच निघतं.

घरातसुद्धा त्यांचं घड्याळ चालूच. मी नवऱ्याला विचारायचे, "अरे, चहा ठेवू का?" तो पेपरातून डोकं वर काढून "हं, ठेव" म्हणेपर्यंत ह्या आतल्या खोलीतून ओरडायच्या, "दोन सेकंद! दोन सेकंद लागले हो म्हणायला. त्याला नकोय चहा." आणि तो बिचारा खरोखरच चहा न पिता उठायचा. आईने सांगितलं म्हणजे नसेलच प्यायचा.

हे सगळं मी हसून सोडत आले. ठकीच्या बाबतीत सोडता येईना.

ठकी माझी मुलगी. अडीच वर्षांची झाली तरी शब्द सात, आणि त्यातले दोन फक्त मला कळणारे. बागेतली तिच्या वयाची पोरं आयांशी वाद घालायची आणि ही नुसती तोंडाकडे बघत राहायची. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. हाक मारली की कधी चटकन वळायची, कधी ढिम्म. दाराची बेल वाजली की धावत जायची, त्यामुळे ऐकू येत नाही असं म्हणायची सोय नव्हती. "बापावर गेलीय, हवं तेव्हाच ऐकते," असं म्हणून सगळे हसायचे. मी हसायचे नाही. मी तिच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायचे, किल्ल्या खुळखुळवायचे, आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळायचं.

मला एकच हवं होतं. तिचे कान एकदा नीट तपासून घ्यायचे होते. अर्ध्या तासाचं काम. पण आमच्या घरात बोलणं हा विषय सासूबाईंच्या मालकीचा होता.

"कानाला काय धाड भरलीय?" त्या म्हणायच्या. "जन्मली तेव्हा चाचणी झालीय ना? कागद आहे ना फायलीत? मग? मुलं बोलत नाहीत कारण त्यांच्याशी कुणी बोलत नाही."

"मी दिवसभर बोलते तिच्याशी."

"तू बोलत नाहीस. तू सूचना देतेस. उठ, बस, जेव, झोप. पोलीस ठाण्यातसुद्धा याहून बरा संवाद होतो."

ठकीचे डॉक्टर त्यांच्या जुन्या अभ्यासातले. त्या दवाखान्यात सासूबाईंनी कधीकाळी वर्षभर टेपरेकॉर्डर ठेवला होता. मी तिकडे पोचायच्या आधी त्यांचा फोन पोचायचा. डॉक्टर हसत म्हणायचे, "अहो, घरात एवढी तज्ज्ञ आजी असताना तुम्ही कशाला घाबरता? तीन वर्षांपर्यंत बघू." त्यांनी चिठ्ठी दिली नाही, आणि चिठ्ठीशिवाय कानाच्या विभागात नंबर लागत नव्हता. असे पाच महिने गेले. नवऱ्याचं म्हणणं एकच, "आईचा हा विषय आहे गं." जसं काही विषय असला म्हणजे माणूस चुकत नाही.

तेव्हा सासूबाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. निवृत्तीनंतर मानद प्राध्यापक म्हणून राहिलं की विभागातली खोली राहते आणि दारावरची पाटीही. त्यासाठी शेवटचं मोठं काम दाखवावं लागतं. ते काम म्हणजे त्यांचं नवं पुस्तक, 'घरातलं बोलणं: दहा कुटुंबं'. दहा घरांत, लहान मूल आणि आई यांच्यामध्ये, दीड-दीड महिना रेकॉर्डर ठेवून केलेलं. त्यावर एका गुरुवारी जाहीर व्याख्यान ठरलं होतं.

आणि त्या पुस्तकाचं हमालकाम माझ्याकडे होतं. मी एकेकाळी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी.ला नाव घातलं होतं, ठकी झाली आणि ते राहिलं. "घरीच तर असतेस," म्हणून टाइप झालेली संभाषणं तपासायला त्या माझ्यापुढे ठेवायच्या. ठकी दुपारी झोपली की मी टेबलाशी बसायचे.

त्यांची लिहायची पद्धत कडक. आई बोलली की 'आ', बालक बोललं की 'बा', आणि मधल्या शांततेचा आकडा कंसात, सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत. नाव, गाव काही नाही. कोण कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, तेही नाही. माणूस ओळखू येता कामा नये. "आवाज आणि शांतता," त्या वर्गात फळ्यावर हात आपटून सांगायच्या, "एवढंच शास्त्र. बाकी सगळ्या कादंबऱ्या."

एका सोमवारी विभागातल्या मदतनीस मुलीने दहाच्या दहा घरांचे गठ्ठे एकदम पाठवून दिले. एरवी सासूबाई निवडून द्यायच्या, त्या दिवशी त्या बैठकीला गेल्या होत्या. मी चौथं, पाचवं, सहावं संपवलं. सातवं उघडलं.

आ: पायमोजा कुठे गेला?
(०.६)
बा: टाटा.
आ: हो, पायमोजा टाटा करून कामाला गेला. संध्याकाळी येईल.
(०.५)
बा: टाटा.
आ: पाणी देऊ का तुला?
(४.१)
आ: पाणी हवंय का गं?
(३.८)
आ: बरं, राहू दे.

जगात किती आया पायमोज्याला नोकरीला पाठवत असतील? मी पान उलटलं. पुढे बटाट्याला सर्दी झाली होती. त्यापुढे चमचा रुसला होता. माझंच घर. माझंच तोंड.

मग आठवलं. आदल्या वर्षी दीड महिना आमच्या फ्रिजवर तो काळा डबा होता. "यंत्र नवीन आहे, घरच्या घरी चाचणी घेते, कुठे वापरणार नाहीये," असं म्हणत त्यांनी एका कागदावर माझी सही घेतली होती. मीही दिली. घरचं माणूस सही मागतं तेव्हा कोण वाचतं? चार दिवसांत भिंतीवरच्या पालीसारखा मी तो डबा विसरले.

समासात त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात टीप होती: 'मातेच्या बोलण्यात ऊब नाही. बालकाने प्रतिसाद देण्याचं सोडून दिलेलं दिसतं. बोलण्यातल्या विलंबाचं कारण घरातच. हे दहाही कुटुंबांतलं सर्वांत ठळक उदाहरण. प्रकरणाचं शीर्षक: निरुत्तर घर.'

खोटं सांगत नाही, मला आधी राग आला नाही. आधी वाटलं, असेलही. छत्तीस वर्षं हेच केलेली बाई सांगते आहे, तर असेलही. आपलेच दात आणि आपलेच ओठ. दोन दिवस मी ठकीशी अशी गोड गोड बोलत सुटले की माझा घसा बसला. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "बघ, मनावर घेतलं की जमतं." ठकी माझ्या तोंडाकडे बघत राहिली, नेहमीसारखी.

तिसऱ्या दिवशी मी तो गठ्ठा पुन्हा काढला. स्वतःला छळायलाच काढला. वाचता वाचता 'पाणी देऊ का'पाशी थांबले. पाण्याचं मी कुठून विचारते? बेसिनपासून. गॅसपाशी उभं राहून पाण्याचं कोण विचारेल? पायमोज्याचं कुठून? तिच्यासमोर उकिडवं बसून, पायमोजा हातात घेऊन.

स्वयंपाकघरात प्रत्येक वाक्याची जागा ठरलेली असते. 'गरम आहे हं' हे गॅसपासून. 'हात दाखव, किती बरबटलेत' हे बेसिनपासून. 'आता काय शोधतेय मी?' हे कपाटाच्या दारातून. ठकीची उंच खुर्ची भिंतीला पाठ करून ठेवलेली असायची. गॅस आणि वरचा घोंघावणारा पंखा तिच्या उजवीकडे. कपाट समोर. बेसिन डावीकडे.

मी तिच्याच रंगपेट्या आणल्या. समोरून आणि उजवीकडून बोललेल्या वाक्याला निळा ठिपका, डावीकडून बोललेल्याला लाल. जिथे आठवेना तिथे काही नाही. पानं भरत गेली. तीन दुपारी लागल्या. निळ्या ठिपक्यांपाशी अर्धा सेकंद, पाऊण सेकंद, आणि मग 'बा' काहीतरी म्हणतेच: एखादा शब्द, हुंकार, हसणं. लाल ठिपक्यांपाशी चार सेकंद, पाच सेकंद, आणि मग पुन्हा मीच. नव्वदावर लाल ठिपके होते. 'बा'ने त्यातल्या अकरांना उत्तर दिलं होतं.

आकडे त्यांचेच. दहाव्या भागापर्यंत अचूक. फक्त ती बाई कुठे उभी होती हे त्यांच्या कागदात नव्हतं, आणि ते जगात एकाच माणसाला माहीत होतं.

ठकी आत झोपली होती, उजव्या कुशीवर, उजवा कान उशीत. मी पातेल्याचं झाकण नेलं आणि कॉटशेजारी फरशीवर टाकलं. शेजारणीने भिंत ठोकली. ठकीची पापणीसुद्धा हलली नाही. मग मी तिला हलक्या हाताने डाव्या कुशीवर वळवलं, ती पुन्हा गाढ झोपेपर्यंत वाट पाहिली, आणि ह्या वेळी नुसता चमचा टाकला. दचकून उठली आणि रडायला लागली. मीही.

रविवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी टेबलावर तो ठिपक्यांचा गठ्ठा ठेवला. सासूबाईंनी वरचं पान बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की सातवं घर माझ्या हाती लागलं आहे. त्यांच्या कपाळावर आठीही आली नाही.

"हे तुझ्याकडे यायला नको होतं," त्या म्हणाल्या. "सहभागी माणसाने स्वतःचं संभाषण वाचू नये. मन दूषित होतं."

"सहभागी? तुम्ही म्हणाला होतात, यंत्राची चाचणी आहे."

"सामग्री चांगली निघाली."

"सामग्री!" मी नवऱ्याकडे वळले. "ऐकलंस? तुझी बायको आणि पोरगी चांगली निघाली म्हणे."

"अगं, पण नाव कुठे आहे त्यात?" तो म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"ठिपके बघ."

मी समजावून सांगितलं. बेसिन, गॅस, कपाट. झाकण आणि चमचा. तो ऐकता ऐकता पानं उलटत होता, आणि पाचसहा पानांनंतर त्याचा हात थांबला. तो इंजिनिअर आहे. माझ्यावर नाही, पण आकड्यांवर त्याचा विश्वास बसतो.

"आई," तो म्हणाला, "हे जरा विचित्र आहे गं."

"विचित्र नाही, सोयीचं आहे," सासूबाई म्हणाल्या. "वर्षापूर्वी कोणत्या वाक्याला आपण कुठे उभ्या होतो हे हिला आत्ता आठवतंय, आणि बरोबर हवं तसं आठवतंय. आठवण हा पुरावा नाही. पहिल्या वर्षाला शिकवते मी हे." मग माझ्याकडे बघून, अगदी वर्गातल्या आवाजात, "नापास होणारी मुलं परीक्षेनंतर पेपरात चुका शोधतात, तसं चाललंय तुझं."

"मग तपासू या. माझी आठवण खोटी निघाली तर सगळ्यांसमोर तुमची माफी मागते."

"आणि पोरीला त्या खोलीत कोंडून, कानात बोळे घालून घाबरवायचं? तुझं समाधान व्हावं म्हणून?"

"हो. माझं समाधान व्हावं म्हणून. मी आई आहे तिची, मला समाधान लागतं."

"बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात," त्या उठत म्हणाल्या. "तुझी खपतेय आज."

नवऱ्याने दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना स्वतः फोन केला. पाच महिने मला न मिळालेली चिठ्ठी त्याला पाच मिनिटांत मिळाली. मंगळवारी अकराची वेळ. मला वाटलं होतं सासूबाई येणार नाहीत. त्या साडेदहालाच पदर नीट करून दाराशी उभ्या होत्या. "माझी नात आहे," म्हणाल्या.

तपासणीची खोली म्हणजे जाड दाराची एक पेटी होती, एका बाजूला काच. तपासणी करणारी मुलगी माझ्याच वयाची असेल. ठकीच्या कानांत तिने मऊ बोंडं बसवली. ठकीने दोनदा ओढून काढली, तिसऱ्यांदा कंटाळून राहू दिली. मुलगी म्हणाली, "मांडीवर घ्या आणि अगदी स्वस्थ बसा. बोलायचं नाही, मान वळवायची नाही, चेहऱ्यावर काही आणायचं नाही. मुलं आईवरून ओळखतात." मग दार लावून ती काचेपलीकडे बसली. शेजारच्या स्टुलावर सासूबाई.

मला काही ऐकू येत नव्हतं. मला दिसत होतं ते त्या मुलीचं बोट. उजव्या बाजूचं बटण दाबलं की ठकीच्या उजव्या कानात आवाज जायचा, मागोमाग कोपऱ्यातलं खेळण्यातलं अस्वल ढोल वाजवायचं आणि ठकी आवाज ओळखून आधीच तिकडे बघायची. एकदा, दोनदा, पुष्कळदा. मग बोट डावीकडच्या बटणावर गेलं. ठकी माझ्या बाहीचं बटण तोंडात घालून बसली होती. बोट पुन्हा दाबलं गेलं. तिने आकडा वाढवला, पुन्हा दाबलं. ठकी बटण चघळत राहिली. मला तिचं डोकं धरून वळवावंसं वाटलं. मी चेहऱ्यावर काही आणलं नाही. काचेपलीकडे सासूबाई त्या मुलीशी बोलत होत्या, उजवा हात हवेत, तर्जनी वर. ती माझ्या ओळखीची तर्जनी होती. दोन वर्षं मी तिच्यासमोर वही उघडून बसले आहे.

"डावा कान जवळजवळ नाहीच म्हणा," बाहेर आल्यावर मुलीने सांगितलं. "उजवाही थोडा कमी आहे. कधीपासून ते सांगता येत नाही, जन्मल्यावर ठीक असतात आणि नंतर जातात, असंही होतं. पण यंत्र लावता येईल. बोलेल ती. चार-सहा महिने आधी आणायला हवं होतं, पण बोलेल." आणि मग हसून, "मॅडम सांगत होत्या, त्यांच्या अभ्यासात त्यांना हा फरक आधी दिसला म्हणून आणलंत. नशीबवान आहात हं, अशी आजी मिळायला."

"पाच महिने मी मागे लागले होते," मी म्हणाले. "आजीच नको म्हणत होत्या."

मुलगी एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिली.

"घाबरलेली आहे ती," सासूबाई तिला समजुतीने म्हणाल्या. "पहिलंच मूल आहे."

जिन्यापाशी त्यांनी मला थांबवलं. नवरा ठकीला घेऊन गाडीकडे पुढे गेला होता. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला कळेना मी काय बघते आहे. गाल लाल झाले होते. डोळे चमकत होते. माझ्या पोरीचा कान गेला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता.

"सातवं प्रकरण मी रातोरात बदलते," त्या म्हणाल्या. "अगं, हे किती मोठं आहे कळतंय का तुला? नुसत्या शांततेच्या आकड्यांवरून एका कानाचं बहिरेपण! कुणी केलेलं नाही हे. नऊ घरं एका बाजूला आणि हे एक घर एका बाजूला. तुझे ते ठिपके मला लागतील. तुझं नाव घालीन. आभारात नाही, सहलेखक म्हणून, पहिल्या पानावर. तुझी पीएच.डी. यातच होऊन जाईल."

खोटं कशाला सांगू, क्षणभर मला ते पान दिसलं. माझं नाव, छापलेलं. अडीच वर्षांत माझं नाव फक्त गॅसच्या आणि विजेच्या बिलावर छापून आलं होतं.

"आठवण हा पुरावा नाही म्हणाला होतात," मी म्हणाले.

"आता चाचणीने सिद्ध झाली ना."

"ठकीचं काय?"

"ठकीचं काय म्हणजे? यंत्र लावतीलच की."

"आई, तुम्ही खूश आहात."

खाली नवरा हॉर्न वाजवत होता.

"सातवं घर पुस्तकात येणार नाही," मी म्हणाले. "जुनंही नाही आणि नवंही नाही."

"वेडेपणा करू नकोस. गुरुवारी व्याख्यान आहे."

"नऊ घरांवर द्या."

बुधवारी ठकीला शेजारणीकडे ठेवून मी विद्यापीठात गेले. माणसांवरचे अभ्यास जी समिती बघते तिच्या कार्यालयात पत्र दिलं: चाचणीसाठी म्हणून घेतलेली सही अभ्यासासाठी वापरली, आमचं संभाषण काढून टाकावं. तिथल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "सून ना तुम्ही मॅडमची?"

"हो."

"मग हे घरी नाही का सांगता येत?"

"घरी सांगितलेल्याचं त्या पुस्तक करतात," मी म्हणाले. तो हसला नाही, पण पत्रावर शिक्का मारला.

व्याख्यानाला मी गेले नाही. नवरा गेला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं म्हणे, शीर्षकात दहा आणि पडद्यावर नऊ, हे कसं? त्या म्हणाल्या, "एका कुटुंबाने माघार घेतली." आणि पुढचं वाक्य त्यांना सापडेना. माझा नवरा सांगतो, त्याने आईला असं कधी बघितलं नव्हतं. हे सांगताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही. पुस्तक छापखान्यातून न छापताच परत आलं आहे. पाटी राहणार की जाणार, ते समितीच्या पुढच्या बैठकीत ठरेल. "तू तिचं छत्तीस वर्षांचं काम मोडलंस," असं तो एकदा म्हणाला. मी म्हटलं, त्यातलं पस्तीस वर्षांचं आहे तसंच आहे, मी फक्त माझं स्वयंपाकघर परत घेतलं. तेव्हापासून आम्ही भाजी, दूध आणि ठकीच्या वेळा, एवढंच बोलतो.

ठकीच्या उजव्या कानाला यंत्र लागून आता सात आठवडे झाले. डावीकडून बोलून उपयोग नाही, हे घरात सगळ्यांना सांगितलं आहे. नवऱ्याने ठकीची उंच खुर्ची फिरवून घेतली. तेवढं न सांगता केलं त्याने.

काल दुपारी ठकी दिवाणखान्यात जमिनीवर बसून डब्यांना झाकणं लावत होती. सासूबाई तिच्या डावीकडे, आपल्या आरामखुर्चीत. सध्या त्या घरीच असतात.

"ठके, आजीकडे ये," त्या म्हणाल्या.

ठकीने लाल झाकण निळ्या डब्यावर दाबून बघितलं.

"ठके!"

काही नाही. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजवर अशा वेळी मीच मध्ये पडत आले होते, 'अगं, आजी बोलावतेय' असं पोरीच्या तोंडासमोर जाऊन सांगत आले होते. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले.

"सांग ना तिला," त्या म्हणाल्या.

"तुम्ही सांगा. समोर जाऊन."

"माझे गुडघे माहितीयेत तुला."

"माहितीयेत."

त्या बसून राहिल्या. ठकी डब्यांशी खेळत राहिली. मी दोन चादरींच्या घड्या घातल्या. मग खुर्ची कुरकुरली. त्या दोन्ही हातांवर भार देऊन उठल्या, ठकीला वळसा घालून उजव्या बाजूला आल्या, आणि कपाटाची कड धरून एक गुडघा टेकवत, मग दुसरा टेकवत, धाप लागत जमिनीवर बसल्या. तिच्यासमोर त्यांना इतक्या खाली बसलेलं मी कधीच बघितलं नव्हतं.

"ठके," त्या हळू म्हणाल्या, "आजीला देतेस एक डबा?"

ठकीने मान वर केली. त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"नको," ती म्हणाली. स्पष्ट, लगेच. आणि सगळे डबे स्वतःकडे ओढून घेतले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला "असं नाही बोलू आजीला" म्हणाले नाही. पुढची चादर उचलली.